गर्दीचा क्रम हा गुणवत्तेचा दाखला नव्हे

कोकणातील किनारे ऑनलाइन अभिप्रायांच्या संख्येनुसार लावलेल्या याद्या फिरत असतात आणि त्यांच्यासोबत एक निष्कर्षही फिरतो: वरच्या दोन-चार किनाऱ्यांनाच बहुतांश अभिप्राय मिळतात, म्हणजे ते तितक्याच पटींनी सरस आहेत, हा 80-20चा (वरच्या 20 टक्क्यांकडे 80 टक्के वाटा) निसर्गनियम असून क्रमांक आणि अभिप्राय यांच्या लघुगणकी आलेखावरची (ज्यात प्रत्येक समान पाऊल म्हणजे समान पटीची वाढ) सरळ रेषा त्याचा पुरावा आहे.

गुणांचा वाटा कोणी नाकारत नाही. गणपतीपुळ्याला स्वयंभू गणपती आहे, तारकर्लीजवळ सिंधुदुर्ग किल्ला आहे. पण पुण्याहून प्रथमच येणारे कुटुंब निवती, भोगवे, आंजर्ले पाहून मग निवड करत नाही. ते आधीच्या अभिप्रायांचा आकडा पाहते, आणि जिथे आकडा मोठा तिथेच नवी भर पडते. ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. त्यातच यादीत नवी नावे सतत येत राहिल्याने प्रत्येकाला वाढीसाठी मिळालेला काळ वेगळा असतो, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की सर्व किनारे गुणांनी समान असले तरी मोजक्यांचे आकडे प्रचंड आणि उरलेल्यांची लांबच लांब शेपटी असेच चित्र उमटते. संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी 1925 मध्ये सजीवांच्या प्रजातींबाबत आणि अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1955 मध्ये अधिक व्यापकपणे हेच गणिताने दाखवले.

साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांच्या 2006 मधील प्रयोगात 14,341 जणांपुढे 48 अपरिचित गाणी ठेवली होती. इतरांनी काय उतरवून घेतले हे दिसणाऱ्या आठ स्वतंत्र गटांत विषमता वाढली, आणि अव्वल गाणीही गटागणिक बदलली. उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, हे खरे. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते.

80-20चे म्हणाल तर तो आकडा यादीच्या लांबीवरही ठरतो. क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात लोकप्रियता धरली, तर 100 नावांत वरच्या 20 टक्क्यांकडे सुमारे 69 टक्के वाटा जातो, 1,000 नावांत सुमारे 79 टक्के.

सरळ रेषेचा पुरावा तर सर्वांत कच्चा आहे. उतरत्या क्रमाने लावलेले आकडे उतरणारच, आणि लघुगणकी आलेखावर इतर काही वितरणेही बऱ्याच अंतरापर्यंत सरळ भासतात. क्लॉसेट, शालिझी आणि न्यूमन या संशोधकांनी 2009 मध्ये कडक कसोट्या लावल्या, तेव्हा अशी सरळ रेषा देणाऱ्या घात-नियमाची म्हणून सांगितली जाणारी काही उदाहरणे टिकली नाहीत.