नव्या शिक्षकांना 'धाक बसव' सांगणं आता पुरे

आज दुपारी स्टाफरूममध्ये एका नव्या शिक्षिकेला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, "तुझा वर्गावर धाकच नाही." नोकरीला लागून जेमतेम काही आठवडे झालेत तिला. सातवीचा तास गोंधळात गेला, आवाज व्हरांड्यात आला, आणि त्यावर अनुभवी मंडळींकडून मिळालेलं मार्गदर्शन म्हणजे हे एक वाक्य. ती खाली मान घालून वह्या तपासत बसली. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

धाक बसवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगितलं? कुणीच नाही.

नंतर तिच्याकडून तो तास नीट ऐकून घेतला. तिने आधी वर्कशीट वाटली आणि मग सूचना द्यायला लागली. कागद हातात पडला की मुलं पेन शोधतात, नाव लिहितात, शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात. सूचना कोण ऐकणार? मग चारी बाजूंनी "मॅडम, काय करायचं?" ती एकेका बाकाशी वाकून तेच तेच सांगत राहिली, उरलेल्या वर्गाकडे तिची पाठ, आणि पाच मिनिटांत वर्ग हातातून गेला. यात धाकाचा संबंध येतोच कुठे? क्रम चुकला, एवढंच. मुलांचे हात रिकामे असताना सूचना द्यायच्या. काय करायचं, किती वेळात आणि झाल्यावर काय, हे तीन ओळींत फळ्यावर लिहायचं. एखाद्या मुलाकडून ते त्याच्या शब्दांत वदवून घ्यायचं. मग कागद. "समजलं ना?" असं विचारूच नये, त्याला सगळे माना डोलावतात.

ही असली कामाची गोष्ट कुणी सांगत नाही, आणि हे नोकरी शोधण्यापासूनच सुरू होतं. "आत्मविश्वास ठेव" म्हणून पोरांना मुलाखतीला पाठवतात. आत्मविश्वास तयारीतून येतो हो! डेमो लेसन, म्हणजे निवडीसाठी शिकवून दाखवायचा पाठ, पंधरा-वीस मिनिटांचा असतो, आणि उमेदवार त्यात अख्ख्या तासाचा मजकूर कोंबतात. मग शेवटची पाच मिनिटं नुसती पळापळ. एकच मुद्दा घ्या, आणि तो मुलांना कळला की नाही हे तपासायला शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा. वर्ग कोणता, मुलं किती, आधी काय शिकवून झालंय, हे फोन करून आधीच विचारा. वर्कशीटच्या प्रती पाच-सहा जास्त न्या. प्रोजेक्टर चालणारच नाही असं धरून फळ्यावरचा पाठ तयार ठेवा. आणि निवड करणाऱ्यांचं लक्ष तुमच्या चित्रांपेक्षा एका क्षणाकडे जास्त असतं: मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर तुम्ही काय करता. "चूक, दुसरं कोण सांगेल?" म्हणून पुढे गेलात तर संधी घालवलीत. "हे उत्तर कसं काढलंस?" असं विचारलंत तर तुम्ही शिकवू शकता हे त्यांना दिसतं.

बायोडेटात 'कष्टाळू, मनमिळाऊ' लिहून काही होत नाही. कोणत्या इयत्तेला कोणता घटक शिकवला आणि मुलं कुठे अडली, ते लिहा. मुलाखतीच्या शेवटी तुम्हीही विचारा: आठवड्याला तास किती, इयत्ता कोणत्या, सुरुवातीला मार्गदर्शन कोण करणार? या प्रश्नांवर जे कपाळाला आठ्या घालतात, तिथे जाण्याआधी दोनदा विचार करा.

आता पहिल्या आठवड्यांचं. बसण्याच्या जागांचा तक्ता काढून टेबलावर ठेवा आणि नावं पाठ करा. "ए, शेवटच्या बाकावरचा" आणि नावाने मारलेली हाक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गोंगाटावर आवाज चढवू नका. थांबा, एका जागी उभे राहा, शांतता झाली की खालच्या पट्टीत बोला, नाहीतर काही आठवड्यांत घसा बसतो. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात.

वह्यांचा हिशेब करा: ४० वह्या, प्रत्येकी ३ मिनिटं, झाले २ तास. असे तीन वर्ग असले तर ६ तास, आणि ते घरीच जातात. म्हणून एका खेपेला एकच गोष्ट तपासा, मुलं लिहीत असताना फिरत फिरत जमेल तेवढं तिथेच उरका. आणि पालकांना पहिला फोन तक्रारीचा नको. आधी काहीतरी चांगलं कळवा, मग पुढची तक्रार ते ऐकून घेतात.

आज तिला हे सांगत होतो तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "मग हे आम्हाला कुणी शिकवलं का नाही?" राग निवळला माझा, नुसतं वाईट वाटलं. किती चांगली पोरं 'आपल्यात ते नाहीच' असं समजून हा पेशा सोडून देतात.

काही वर्ग खरंच जड असतात, तिथे सूचनांचा क्रम कितीही बरोबर असला तरी पहिले आठवडे वाईटच जातात. मान्य. पण तो जड वर्ग सगळ्यांत नव्या माणसाच्या गळ्यात कोण घालतं? आपणच ना? शहाण्या तुकड्या ज्येष्ठांना, आणि तिला नको असलेली सातवी, वर बदली तास, वर स्नेहसंमेलनाची धावपळ. आणि वर पुन्हा धाक नाही म्हणून बोलणी! लाज वाटायला हवी आपल्याला.

मुख्याध्यापकांकडे दोनच मागण्या आहेत. नव्या शिक्षकाला आठवड्यातून एक तास दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून बघायला मोकळा द्या. आणि एका तासाला अनुभवी माणूस त्याच्या वर्गात बसू द्या, ज्याने नंतर एकट्याला गाठून फक्त एकच सुधारणा सांगायची, दहा नाही. वेळापत्रक करताना हे दोन तास आधी भरा, बाकीचे नंतर.