‘घरी बसून पगार’ म्हणणाऱ्यांना

शिक्षकांच्या पगाराचा विषय निघाला की एक मेसेज हमखास पुन्हा फिरू लागतो. कोरोनात शिक्षक दोन वर्षं घरी बसून पूर्ण पगार घेत होते; शाळा बंद, म्हणजे धोकाही नव्हता; आणि मुलांना तर कोरोना होतच नव्हता, मग वर्गात जायला कसली भीती? परवा तो आमच्या गावच्या ग्रुपवरही आला. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मला गप्प राहवत नाही.

आधी ‘घरी बसून’ घेऊ. एप्रिल 2020 मध्ये सगळा देश दारं लावून बसला होता, तेव्हा गोव्यात घरोघर आरोग्य सर्वेक्षण झालं. ताप आहे का, खोकला आहे का, बाहेरून कोण आलं, हे दारोदार विचारत फिरणाऱ्यांत शिक्षक होते. मेच्या मध्याला, रुग्ण उरले नाहीत म्हणून ‘हिरवं क्षेत्र’ ठरलेल्या गोव्यात पुन्हा रुग्ण सापडू लागले आणि 21 मे रोजी दहावीची परीक्षा सुरू झाली. त्या खोल्या झाडायला, बाकं पुसायला शिपाई आणि सफाई कामगार घरून आले नव्हते का? 21 नोव्हेंबरला दहावी-बारावीचे वर्ग भरले. तेव्हा देशात लसीचा एक डोसही दिला गेला नव्हता.

शाळा बंद म्हणजे धोका नाही, हे तर मला सगळ्यात लागतं. वर्ग बंद होते, ड्युट्या बंद नव्हत्या. 12 डिसेंबर 2020 ला जिल्हा पंचायतींचं मतदान झालं. 23 एप्रिल 2021 ला म्हापसा, मडगाव, मुरगाव, सांगे आणि केपे इथं पालिकांचं. दुसरी लाट चढत होती. सहाच दिवसांनी, 29 एप्रिलला, राज्यात लॉकडाऊन लागला. मे महिन्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या ऑक्सिजनपुरवठ्याचं प्रकरण उच्च न्यायालयात होतं. मतदान केंद्रावर ओळख पटवायची तर समोरच्याला मास्क खाली घ्यायला सांगावं लागतं, दिवसभर, एकामागून एक. मी एका केंद्रावर होते. घरी आल्यावर आठ दिवस सासूबाईंच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. त्यांचं ताट दारात ठेवून मागं सरायचे.

आता लसीचं. 16 जानेवारी 2021 पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना लस मिळू लागली, नंतर पोलीस, पालिका कर्मचारी अशा ‘फ्रंटलाइन’ लोकांना. त्या यादीत शिक्षक हा गट नव्हता. 1 एप्रिलपासून 45 वर्षांवरच्यांना, 1 मेपासून 18 वर्षांवरच्यांना. माझं वय तेव्हा 38, म्हणजे माझी पाळी मतदानानंतर आली. शिक्षकांना अग्रक्रम द्या, असं केंद्रानं राज्यांना सांगितलं ते ऑगस्टमध्ये, शिक्षक दिनाच्या तोंडावर. ड्युटीच्या आदेशात आम्ही अत्यावश्यक होतो, लसीच्या रांगेत नव्हतो.

मुलांना कोरोना होत नाही? बहुतेकांना सौम्य झाला, एवढं खरं. पण जून-जुलै 2021 च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सर्वेक्षणात 6 ते 17 वयातल्या निम्म्याहून अधिक मुलांत प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली. मुलाला नुसती सर्दी असेल, पण त्याच खोलीत सहा तास बोलणारी बाई पन्नाशीची, मधुमेह असलेली असेल, तर तिचं काय?

राहिला पगार. आम्हा कायम शिक्षकांचा पगार चालू राहिला, हे मी नाकारत नाही. पण शाळा आमच्यावरच चालत नाही. माध्यान्ह आहार शिजवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटांच्या बायकांची चूल शाळेच्या चुलीवर पेटते. शाळा बंद झाल्या, मुलांना कोरडं धान्य मिळू लागलं आणि या बायकांचं काम गेलं. मुलांना शाळेत ने-आण करणाऱ्या ‘बालरथ’ बसवरचे चालक आणि मदतनीस कंत्राटी. मेसेज लिहिणाऱ्यानं शाळेतली माणसं मोजताना यांना कुठं धरलं?

आमच्या गावात हा मेसेज पुढं पाठवणाऱ्यांत माझे दोन जुने विद्यार्थी आहेत. त्यांच्या घरी सर्वेक्षणाचा कागद घेऊन एप्रिलच्या उन्हात मीच गेले होते. त्यांच्या आईनं पाण्याचा तांब्या दूर पायरीवर ठेवला होता.