एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मालक,

रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं: बेळगावच्या उद्यमबागचं मशीन शॉप, शिनोळीचं युनिट आणि खानापूरचं गोडाऊन जोडायला आम्ही व्हीपीएनचे (इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी, बंदिस्त वाटेचे) पैसे घेतले, तरी शिनोळीत टॅली रांगते, खानापुरात बिलाचं पीडीएफ अर्ध्यावर अडकतं, प्रिंटर एक दिवस बंद पडला, वर स्टॅटिक आयपीचा (इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याचा) भुर्दंड. मोबाईलवर व्हीपीएन फुकट मिळतं. आणि भाचा म्हणतो, राऊटरवर एक पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडलं की काम झालं असतं.

आधी आमच्या चुका.

खानापूरला फायबर नाही, सिमवरचा राऊटर आहे. आमच्या पोरानं टनेल, म्हणजे व्हीपीएनची वाट, चालू केला, उद्यमबागच्या सर्व्हरला पिंग मारून बघितलं, उत्तर आलं, चहा पिऊन निघाला. विंडोजचं पिंग म्हणजे 32 बाइटची चिठ्ठी, ती कुठूनही जाते. पीडीएफची पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, मोठी. त्यांच्यावर व्हीपीएनचं वेष्टण चढलं की सिमच्या लाईनीत मावत नाहीत, आणि कुठली एरर न देता गायब होतात. आमचं व्हीपीएनचं सॉफ्टवेअर वायरगार्ड सहसा 1420 बाइटचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज) धरतं. सोमवारी सकाळी आम्ही तो 1280 केला, तेव्हापासून बिलं सरळ निघताहेत, गोडाऊनला विचारून बघा. पहिल्याच दिवशी एक मोठी फाईल पाठवून बघितली असती तर हे तिथंच कळलं असतं. त्यामुळं नंतरच्या दोन फेऱ्यांचे पैसे परत करतोय.

शिनोळीचं दुखणं वेगळं. तुम्ही विचारलं होतं, "यावर टॅली चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल की." तिथंच चुकलं. बेळगावातून शिनोळी पंधरा-वीस किलोमीटर, पण दोन्हीकडच्या लाईनी वेगळ्या कंपन्यांच्या, पॅकेट कुठल्या कुठं फिरून येतं. मोजलं तर जाऊन-येऊन 60 मिलिसेकंद. टॅलीचा डेटा उद्यमबागेत आणि प्रोग्रॅम शिनोळीत असला की एका व्हाउचरला अशा कितीतरी फेऱ्या होतात. दोनशे धरा, 12 सेकंद नुसते वाटेत गेले. लाईन 100 एमबीपीएसची 200 केली तरी हे 12 चे 12 च राहणार, म्हणून प्लॅन वाढवू नका. त्यात शिनोळी महाराष्ट्रात. तिकडचा जीएसटी नंबर 27 नं सुरू होतो, इकडचा 29 नं. कागद निघाल्याशिवाय गाडी हलत नाही. गेटवर ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि क्लार्कबाई एंटर दाबून स्क्रीनकडं बघत बसल्यात, हे मी स्वतः बघून आलोय. तुमच्या जागी मीही चिडलो असतो.

उपाय असा. टॅली उद्यमबागच्याच एका मशीनवर चालू द्यायची, शिनोळीतून टनेलमधून रिमोट डेस्कटॉपनं त्या मशीनवर काम करायचं. मग वाटेत फक्त स्क्रीनचं चित्र आणि कीबोर्ड-माऊस. त्या मशीनला विंडोज प्रो पाहिजे, होमवर हे होत नाही, आणि एका वेळी एकच माणूस बसणार. पुढं दुसरा क्लार्क घेतलात तर सर्व्हर आणि त्याची लायसन्स लागतील. तो खर्च आत्ताच कानावर घालतो, नंतर वाद नको.

आता जे पटत नाही ते.

स्टॅटिक आयपी आम्ही एकच घ्यायला लावला, उद्यमबागला. शिनोळीची लाईन आणि खानापूरचं सिम, दोन्हींना कंपनीनं शंभर गिऱ्हाइकांत मिळून एक असा पत्ता दिलाय. बाहेरून त्यांना कुणी हाक मारू शकत नाही. तीच दोघं दर 25 सेकंदांनी उद्यमबागला हाक मारून वाट उघडी ठेवतात. हाक मारायची तर एकाचं तरी घर जाग्यावर पाहिजे. तुम्हाला आलेलं दुसरं कोटेशन तिन्हीकडं स्टॅटिक आयपी आणि तीन नवीन फायरवॉल असं होतं, तुम्हीच दाखवलं होतं.

प्रिंटर बंद पडला कारण उद्यमबाग आणि गोडाऊन, दोन्ही राऊटर 192.168.1 चेच नंबर वाटत होते. दोन गल्ल्यांत घर नंबर तेच, टपाल जाणार कुठं? गोडाऊनचे बदलावे लागले, प्रिंटर जुन्यावर अडून बसला. आदल्या दिवशी सांगायला हवं होतं, एवढं मान्य.

मोबाईलवरचं फुकट ॲप तुम्हाला सिंगापूरला नेऊन सोडेल, शिनोळीला नाही. आणि भाच्याला माझा नमस्कार सांगा, पण रिमोट डेस्कटॉपचं 3389 पोर्ट टनेलशिवाय थेट इंटरनेटवर उघडं टाकणार नाही. रॅन्समवेअरवाले असली दारंच शोधत फिरतात, एका रात्रीत सगळी टॅली कुलूपबंद होते. या कामाला दुसरा माणूस बोलवा, मी करणार नाही.

पावसात खानापूरला लाईट जाते तेव्हा राऊटरही जातो. त्याला छोटा यूपीएस लावा, आमच्याकडूनच घ्या असं नाही.

गुरुवारी तुमचा डिस्पॅच आटोपल्यावर चारला शिनोळीत येतो, व्हिजिट चार्ज नाही. क्लार्कबाईंना तेवढा टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर काढून ठेवायला सांगा.