गोळ्या घरातच होत्या

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

घरच्या ग्रुपवर सकाळी एकाने बातमी टाकली. मथळा असा की स्मृतिभ्रंशाची गोळी आता स्ट्रोकनंतर मेंदू वाचवणार. खाली जोडलेले हात, फुलं आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. मी बातमी पूर्ण वाचली (ग्रुपवर बहुधा मीच एकटी). बरंच खाली गेल्यावर उंदीर निघाले. मथळ्यात उंदीर नव्हते.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण दुपारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मामेबहीण. आवाज पार बसलेला. म्हणाली, "अगं, त्या आईच्याच गोळ्या ना? मेमँटिन? मग त्या तर घरातच होत्या गं. बाबांच्या उशाशी डबा होता."

माझा संताप कशामुळे झालाय ते कळायला मागचं सांगायला हवं. मामीला अल्झायमर आहे. तिच्या गोळ्या मामाच बघायचे, वारांच्या खणांचा डबा भरून ठेवायचे, एक दिवस चुकला नाही. आणि एका दुपारी मामांनाच स्ट्रोक आला. घरात दोघंच. मामी त्यांच्या शेजारी बसून होती. ताई संध्याकाळी पोहोचली तेव्हा मामांचं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा, शब्द फुटत नव्हता, आणि मामी तिला दटावत होती, "झोपलेत ते, उठवू नकोस." कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की यांना शेवटचं ठीक कधी पाहिलं? त्याचं उत्तर जगात एकाच माणसाकडे होतं, आणि ते माणूस मामी होती.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी तर तीनच तास होते, १९९५ च्या मोठ्या चाचणीवरून ठरलेले. २००८ मध्ये ते साडेचारपर्यंत ताणता येतात हे सिद्ध झालं. आणि घड्याळ सुरू होतं ते पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. ताईचं मामांशी फोनवर बोलणं सकाळी झालं होतं. त्या हिशोबाने मुदत केव्हाच उलटून गेली होती. वेळ माहीत नसली तरी आता काही ठिकाणी एमआरआय बघून इंजेक्शन देतात, आणि मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर मांडीतून नळी घालून चोवीस तासांपर्यंतही गुठळी ओढून काढतात, हे मला माहीत आहे, कमेंटमध्ये शिकवू नका. मामांची गुठळी बारीक फांदीत होती, नळी तिथवर जाणारी नव्हती. एमआरआय होईपर्यंत इजा पक्की झालेली दिसत होती.

तर, या सगळ्यातून गेलेल्या बाईला एक मथळा सांगतो की औषध तुझ्या हाताच्या अंतरावर होतं आणि तू दिलं नाहीस. ज्याने तो मथळा लिहिला त्याला मामांच्या खोलीत आणून बसवावंसं वाटतं मला.

ताईला मी फोनवर जे सांगितलं तेच इथे सांगते, कारण हा प्रश्न आणखीही घरांत पडला असणार. त्या संध्याकाळी मामांना गिळता येत नव्हतं. स्ट्रोकच्या पेशंटला गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाण्याचा घोटही देत नाहीत, कारण तो फुप्फुसात जातो. तोंडात कोंबलेली गोळीही तिकडेच गेली असती. दुसरं म्हणजे सीटी स्कॅन होईपर्यंत आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि मेमँटिन काही जिभेवर ठेवलं की लागू पडणारं औषध नाही. पाच मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला चढवत वीसवर न्यायचं, असं ते देतात. पोटात गेल्यावरही रक्तात पुरेसं चढायला काही तास जातात. मामीलाच पूर्ण डोसवर यायला किती दिवस लागले होते ते ताईला आठवलं. मग ती जरा शांत झाली. पूर्ण नाही.

आता थोडी खाली उतरते, कारण मुळात कल्पना वेडगळ नाही. उलट फार देखणी आहे.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तिथल्या पेशी फक्त उपाशी मरत नाहीत. मरता मरता त्या ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभस बाहेर टाकतात. एरवी हेच रसायन पेशी-पेशींतला निरोप्या असतो, शिकणं आणि आठवणं त्याच्यावरच चालतं. पण असं एकदम ओतलं गेलं की शेजारच्या पेशींवरचे एनएमडीए नावाचे दरवाजे सताड उघडे पडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि त्या पेशीही मरतात. अतिउत्तेजनेने पेशी मरतात हे जॉन ऑल्नी यांनी १९६९ मध्येच मांडलं. एका अंदाजानुसार मोठ्या रक्तवाहिनीच्या स्ट्रोकमध्ये उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात. मेमँटिन नेमकं त्याच दारात जाऊन बसतं, पण दार उघडं असेल तरच, आणि चटकन उठतंही. त्यामुळे रोजची ये-जा चालू राहते आणि घुसखोरी अडते. म्हणूनच ते माणसाला सोसवतं.

गंमत म्हणजे ही गोळी आधीच एकदा धंदा बदलून आलेली आहे. १९६० च्या दशकात एली लिलीने ती मधुमेहासाठी बनवली होती. साखर काही उतरली नाही. पुढे जर्मनीत कुणाच्या तरी लक्षात आलं की ही मेंदूत काहीतरी करते, आणि २००२ मध्ये युरोपात व २००३ मध्ये अमेरिकेत ती अल्झायमरसाठी मंजूर झाली. मग तिसऱ्यांदा का नाही, असं कुणी म्हटलं तर मी लगेच होकार देईन.

पण मथळेवाल्यांनो, याच वाटेवर आधी किती जण आपटलेत ते एकदा बघा ना. तेच एनएमडीए दार घट्ट बंद करणारी औषधं नव्वदच्या दशकात स्ट्रोकच्या पेशंटना देऊन पाहिली. सेल्फोटेलने माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागली, चाचण्या थांबवाव्या लागल्या. अपटिगॅनेलची तीच गत. २००६ मध्ये काही संशोधकांनी स्ट्रोकमध्ये मेंदू वाचवायच्या सगळ्या उपायांची मोजदाद केली, तेव्हा प्रयोगशाळेत तपासलेले १,०२६ उपाय निघाले. त्यातले ११४ माणसांपर्यंत पोहोचले होते. पेशी वाचवणारं म्हणून सर्वमान्य झालेलं त्यात एकही नव्हतं. त्याच वर्षी एनएक्सवाय-०५९ नावाच्या औषधाची पहिली मोठी चाचणी चांगली आली, लोक हुरळले, आणि २००७ मध्ये ३,००० हून जास्त पेशंटच्या दुसऱ्या चाचणीत सगळं ओसरलं. मग वाटलं की आपण औषध उशिरा देतोय. म्हणून अमेरिकेत थेट अँब्युलन्समध्येच मॅग्नेशियम दिलं, १,७०० पेशंट, निम्म्याहून जास्त जणांना पहिल्या तासाच्या आत. २०१५ मध्ये निकाल आला. फरक शून्य.

उंदरांत चालतं ते माणसांत का चालत नाही, असं ताईने विचारलं. तिला म्हटलं, मामांकडे बघ. सत्तरी ओलांडलेली, रक्तदाब, साखर, मामीच्या पाठीमागे रात्र रात्र जागरण. प्रयोगातला उंदीर बहुतेक वेळा तरुण आणि ठणठणीत असतो. त्याची रक्तवाहिनी संशोधक स्वतःच्या हाताने बंद करतो, औषध कधीकधी त्याच्या आधीच दिलेलं असतं, आणि ठरलेल्या वेळी वाहिनी उघडूनही देतात. उंदराला शेवटचं ठीक कधी पाहिलं, हा प्रश्नच तिथे येत नाही.

शिवाय जे दार पहिल्या काही तासांत जीव घेतं, तेच पुढे बरं होताना पेशींना लागतं. एनएमडीए अडवणारी औषधं का फसली याचं एक कारण काही तज्ज्ञांनी हेच दिलं आहे. म्हणजे किती द्यायचं एवढंच नव्हे, कधी थांबायचं हेही ठरवावं लागेल. २०१४ मध्ये उंदरांवर आलेला एक अभ्यास तर उलटंच सांगतो, की मेमँटिन उशिरा देऊनही हालचाल जास्त सुधारली. म्हणजे या गोळीचं काम पेशी वाचवणं आहे की उरलेल्या पेशींना नव्या जोडण्या करायला मदत करणं, हेही अजून धड ठरलेलं नाही. आणि तुम्ही म्हणे पोहोचवा सगळ्यांपर्यंत.

माणसांवर थोडंफार झालंय, खोटं कशाला बोलू. छोट्या छोट्या चाचण्या आहेत, त्यातल्या काहींत सुधारणा दिसली. वाचा गेलेल्या पेशंटना मेमँटिन आणि जोडीला रोज कसून बोलण्याचा सराव, असा स्पेनमधला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तीसहून कमी पेशंट, पण गोळी आणि सराव एकत्र घेणाऱ्यांचं बोलणं जास्त सुधारलं. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. कारण मामांचे शब्द अजून पूर्ण परतलेले नाहीत. समजतं सगळं. संध्याकाळी मामीच्या गोळीची वेळ झाली की डाव्या हाताने डब्याकडे बोट दाखवतात आणि ताई उठेपर्यंत बोट खाली घेत नाहीत. डबा आता ताई भरते.

आणि ग्रुपवर एकाने काय लिहावं? "मामांनाही सुरू करून टाका, गोळ्या तर आहेतच." अरे, टाका काय? मेमँटिन बरंचसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि मामांची मूत्रपिंडं मधुमेहाने थकलेली आहेत. चक्कर हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास. एका पायावर भार देऊन चालणारा माणूस चक्कर येऊन पडला तर तू येणारेस का उचलायला?

पडण्याचं मी उगाच म्हणत नाही. फ्लुओक्सेटिन म्हणजे नैराश्याची जुनी, स्वस्त गोळी. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ पेशंटच्या चाचणीत स्ट्रोकनंतर हातापायांची ताकद जास्त परतलेली दिसली. डॉक्टर लिहून द्यायला लागले. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ पेशंटवर तपासलं, २०१८ च्या शेवटी निकाल आला. अपंगत्वात काही फरक नाही. नैराश्य कमी झालं, ते ठीक. पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. ही दुसरी चाचणी झालीच नसती तर आज मामांच्या डब्यातही ती गोळी असती.

आता माझा खरा राग. मेमँटिनचं पेटंट कधीच संपलंय. कुणीही बनवतं, कुणीही विकतं. त्यामुळे हजारो पेशंटवर, वर्षानुवर्षं चालणारी, कोट्यवधींची चाचणी करून त्यातून कमावणार कोण? कुणीच नाही. म्हणून ती होत नाही, आणि दर काही महिन्यांनी उंदरांचा एखादा पेपर येतो, मथळा होतो, कुठल्यातरी घरातली कुठलीतरी ताई रात्रभर जागी राहते. औषध कंपन्या नसत्या तर मेमँटिनच नसतं, हे मान्य. पण त्यांनी केलं नाही म्हणून कुणीच करायचं नाही का?

कारण करता येतं. २०२० मध्ये ब्रिटनने करून दाखवलं. रिकव्हरी नावाची एकच सार्वजनिक पैशातली चाचणी. तिच्यात डेक्सामेथासोन, १९५० च्या दशकातलं स्वस्त औषध, व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं हे कळलं. आणि त्याच चाचणीत, त्याच महिन्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा काही उपयोग नाही हेही कळलं. जिच्यावर मथळेच मथळे आले होते, तीच ही गोळी. मनात आणलं तर काही महिन्यांत निकाल लागतो. पंचविशी ओलांडलेल्या दर चार माणसांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी स्ट्रोक येतो असा जागतिक अंदाज आहे. यापेक्षा मोठं कारण काय हवं?

आणि आज परिस्थितीही बदलली आहे. जुनी औषधं फसली तेव्हा माणसाची तुंबलेली वाहिनी बहुधा तुंबलेलीच राहायची, औषध जिथे पोहोचायला हवं तिथे रस्ताच बंद. २०१५ नंतर गुठळी काढणं रुळलं आहे. वाहिनी उघडण्याआधी मेमँटिन पोटात घातलेल्या नळीतून द्या, अर्ध्यांना द्या, अर्ध्यांना देऊ नका, म्हातारे, मधुमेही, मूत्रपिंड थकलेले सगळे घ्या, तीन महिन्यांनी कोण स्वतःच्या पायावर चालतंय ते मोजा. मला एवढंच हवंय.

अशी चाचणी निघाली आणि निकाल आला, तर तो 'काही फरक नाही' असा असला तरी मी इथे टाकणार आहे. त्याला फुलं कुणी लावणार नाही आणि पुढेही कुणी पाठवणार नाही, माहीत आहे मला.