ढीग किती पडला?

परवा चार तास झाडावर होतो. वाळलेल्या अकरा फांद्या, एकमेकींवर घासणाऱ्या दोन आणि छपरावर लांबलेल्या एका फांदीचा शेंडा, एवढं काढून खाली उतरलो. दोर अजून कमरेलाच होता. मालक बाहेर आले, आधी वर बघितलं, मग जमिनीवरच्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाले, "बस, एवढंच? झाड तर जसंच्या तसं दिसतंय."

म्हटलं, काका, तेच तर काम होतं. त्यांना काही ते पटलं नाही. पैसे दिले, पण नोटा मोजतानाही नजर ढिगावरच होती.

झाडं छाटायच्या या धंद्यातलं माझं सगळ्यात जुनं दुखणं हे. आमचं काम लोक जमिनीवर बघतात. ढीग मोठा तर माणूस कामाचा. झाडाकडे कोण बघतो?

"वरून अर्धं उडवा, वादळात पडायला नको" ही मागणी तर ठरलेली. आता बघा, झाडाचा स्वयंपाक पानांत होतो. अर्धी पानं एका दिवसात काढली की ते उपाशी पडतं आणि सालीखाली झोपलेले डोळे जागे करून भसाभस पानसोट, म्हणजे सरळसोट नवे फुटवे, सोडतं. दोन वर्षांत पुन्हा हिरवंगार, मालक खूश. पण मूळची फांदी खोडाबरोबर आतून वाढत आलेली असते. हा पानसोट मात्र नुसता वरच्या थराला धरून असतो आणि त्याच्या बुडाशी आपण तोडलेलं टोक कुजत असतं. तो जाडजूड झाला की वाऱ्यात नेमका तिथूनच सुटतो. ज्या भीतीपोटी झाड बोडकं केलं, ती भीती काही वर्षांनी खरी करून घ्यायची, तीही स्वतःच्या पैशानं.

आम्हाला ट्री सर्जन म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण फसवं. माणसाची जखम भरून येते, झाडाची येत नाही. झाड कुजक्या भागाभोवती आतून भिंती घालतं, त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत पुढे जातं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून हे बघितलं आणि १९७७ मध्ये मांडलं. त्याआधी आमच्याच धंद्यातले लोक ढोलीतलं कुजकं लाकूड खरवडून आत सिमेंट भरायचे. त्या खरवडण्यात झाडानं घातलेली भिंतच फुटायची. आजही कापलेल्या जागी डांबर फासायचा आग्रह होतो. मी सहसा फासत नाही. कुज त्यानं थांबत नाही, बघणाऱ्याला बरं वाटतं इतकंच.

म्हणून कुठे कापलं, याला सगळं महत्त्व. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, मनगटावर गोळा झालेल्या बाहीसारखं. ते शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापायचं. कडंच छाटलं तर भिंत घालायची जागा गेली, आणि हातभर खुंटी ठेवली तर ती कुजत कुजत आत शिरते. जड फांदी तर एका दमात कधीच घ्यायची नाही. आधी कड्यापासून फूटभर लांब खालून खाच, मग तिच्या थोडं पुढे वरून काप, आणि वजन गेलं की शेवटी उरलेला तुकडा कड्याजवळून.

सुरुवातीच्या दिवसांत एकदा घाईत खालची खाच घ्यायची राहिली. फांदी अर्ध्यावर आपल्याच वजनानं मोडली आणि खोडाची साल माझ्या उंचीएवढी सोलत खाली घेऊन गेली. ओला कपडा फाडावा तसा आवाज झाला. झाड अजून उभं आहे. त्या पट्ट्याच्या दोन्ही कडा आत वळत आल्यात, मध्ये मात्र पोकळी पडलीय. तिकडून जाताना मी मान वळवत नाही.

धंद्याचं गणितही उलटं. झाड पाडायचे पैसे जास्त, राखायचे कमी आणि "सध्या हात लावू नका" या सल्ल्याचे शून्य. पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड, असं लोक धरून चालतात. अहो, बांबू पोकळच असतो की! बाहेरच्या बाजूला निरोगी लाकूड किती जाड शिल्लक आहे, ते बघायचं असतं. लाकडी हातोडीनं बुंधा ठोकत गोल फिरायचं, आवाज कुठे भरीव, कुठे बद्द, ते ऐकायचं. बुडाशी अळंबी आलीय का, एका बाजूची माती उचलली गेलीय का, बघायचं. यात तासभर जातो. मग सांगितलं की दोन वर्षं काही करू नका, की समोरचा म्हणतो, "नुसतं बघायचे कसले पैसे?" त्याच झाडाला कुणीतरी "आतून पोकळ आहे, कधीही पडेल" म्हणून पाडून पैसे घेऊन जातो. हे माझ्या बाबतीत एकदाच घडलेलं नाही.

आणि निम्म्या वेळा दुखणं वर नसतंच. पाइपसाठी चर खणताना मुळं तोडलेली असतात, उरलेल्यांवर फरशी बसवलेली असते. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. काही वर्षांनी शेंडा वाळायला लागला की मला फोन. मी वर चढून काय करू?

उंचीचं विचाराल तर तिची भीती मला दुय्यम. कापताना मी दोन ठिकाणी बांधलेला असतो, त्यातला एक पट्टा तारेचा गाभा असलेला, कारण साध्या दोराला चालती चेन लागली तर संपलंच. विजेची तार जवळ असेल आणि पुरवठा बंद केल्याचं लाइनमनच्या तोंडून ऐकलं नसेल, तर मी चढतच नाही. ओली फांदी म्हणजे तारच.

पण मनात खरी धास्ती असते ती वादळानंतर आडव्या झालेल्या झाडाची. लोकांना वाटतं, पडलंच आहे, आता काय, तुकडे करायचे. पण दाबाखाली वाकलेली फांदी चुकीच्या बाजूनं कापली की धनुष्यासारखी उसळते. मुळांसकट उलटलेल्या झाडाचा बुंधा कापला की वजन सुटतं आणि मुळांचा गड्डा धाडकन खड्ड्यात परत बसतो. त्या खड्ड्यात डोकावणारी पोरं आधी हाकलावी लागतात. कधी कधी मोठी माणसंसुद्धा, मोबाइल घेऊन.

वर असताना माझा जीव खालच्या दोरवाल्याच्या हातात असतो. भाव ठरवताना मालक त्यालाच "हा तर नुसता हेल्पर" म्हणून वगळायला बघतात. आणि माझे हात? गारठ्यात सकाळी बोटांची टोकं पांढरी पडतात, शर्टाची बटणं लागत नाहीत. वर्षानुवर्षं चेनसॉची थरथर धरल्याचं हे फळ. आता जमेल तिथे हातकरवत वापरतो. वेळ जास्त लागतो, मालक घड्याळ बघतात, बघू देत.

हल्ली मी एक केलंय. कामाआधी जायच्या फांद्यांना फिती बांधतो, फोटो काढतो, मालकांना दाखवतो. कोटेशनमध्ये "झाड साफ करणे" असं लिहीत नाही, फांद्यांची संख्या लिहितो. काल एका काकूंना हे सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकलं, शंका विचारल्या, एका खालच्या फांदीच्या कड्यावरून हातसुद्धा फिरवून बघितला. मला वाटलं, चला, पोचलं.

मग म्हणाल्या, "सगळं कळलं रे, पण गाडीभर तरी निघेल ना?"