नवा सायलेन्सर घेताय? अभिनंदन!

गेल्या मंगळवारी रात्री पावणेदोनला ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत एक पिकअप शिरली. पाठोपाठ इमारतीखालच्या पार्किंगमधल्या सहा गाड्यांचे अलार्म एकदम बोंबलायला लागले. मी बनियनवरच खाली धावलो. गाडीतून पंचविशीतला एक तरुण उतरला आणि हसून म्हणाला, "सॉरी काका, नवीन एक्झॉस्ट टाकलाय. अजून सेट व्हायचाय."

रात्री झोप लागेना, म्हणून मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. तुम्हीही पिकअपला नवा सायलेन्सर लावायच्या विचारात असाल, तर त्याचा लाभ घ्या.

सगळ्यात आधी, हौद्यात काय वाहायचं ते ठरवा. काहीच नाही ना? मग तुम्ही पात्र आहात. कांद्याची पोती भरून पहाटे वाशी मार्केट गाठणाऱ्या पिकअपवाल्याला असले शौक परवडत नाहीत.

पाइप अडीच इंची घ्यावा की तीन इंची? तीन. प्रश्न मापाचा नाहीच, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

धातूत कंजुषी नको. ४०९ ग्रेडचं स्टील स्वस्त पडतं, पण खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, वरून लवकरच तांबूस दिसायला लागतं. ३०४ घ्या. त्यात निकेल असतं, गंजाला दाद देत नाही. शेजारी कंटाळून घर विकून जातील, पाइप मात्र टिकला पाहिजे.

आता मफलर, म्हणजे आवाज दाबणारा डबा. कंपनीच्या मफलरमध्ये कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा आत आपटून एकमेकींना मारतात, उरलेल्या लाटा काही मफलरमध्ये ग्लासवूल शोषून घेतं. इंजिनियर लोकांनी डोकं खर्चून बनवलेली ही वस्तू ग्राइंडरने कापून टाका आणि सरळ नळी वेल्ड करा. फक्त गोड गुरगुराटाची आशा धरू नका. तुमचं इंजिन डिझेल, त्यात टर्बो. धुराचे धक्के टर्बोच्या चक्रातच मोडतात, त्यामुळे मफलर गेल्यावर हाती लागते एक शिटी आणि पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट. त्यालाच आपण 'बीस्ट' म्हणायचं.

बीएस-६ गाडी असेल तर काजळी पकडणारा डीपीएफही काढतात म्हणे. मग डॅशबोर्डवर दिवा पेटतो. दिवा विझवायला ईसीयूशी, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरशी, खेळावं लागतं. वॉरंटीचं कंपनीला विचारूच नका, धुराचं आमच्या फुप्फुसांना विचारा.

पिकअपचा वेग वाढेल का? माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत? संध्याकाळी सात वाजता? खड्डे, मेट्रोचे बॅरिकेड आणि गायमुखकडून तुंबत आलेली कंटेनरची रांग. तिथे तुमच्या तीन इंची पाइपला शेजारून डबा घेऊन चालत जाणारा माणूस मागे टाकतो. म्हणूनच तर तुम्हाला रात्र लागते! दिवसा गाडी हलत नाही, मग रात्री दीडला रस्ता मोकळा झाला की उपवनला एक चक्कर, येऊरच्या गेटपर्यंत एक. पलीकडे जंगल आहे, बिबटे आहेत, त्यांनाही कळायला हवं की नवीन एक्झॉस्ट बसलाय. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. दवाखान्याच्या शंभर मीटरच्या आत रात्री ४०. आणि डेसिबल म्हणजे किराणा नव्हे, दहाने वाढला तर ध्वनीची ऊर्जा दहापट होते. पण तुम्हाला हे सांगून काय उपयोग? तुम्ही तर गेटपाशी येऊन न्यूट्रलला टाकता आणि दोनदा रेस करता. का? वॉचमन जागाच असतो! गेट उघडंच असतं! मग कोणासाठी करता?

आमची आई पंच्याऐंशीची आहे. रात्री कानातलं मशीन काढून झोपते. मंगळवारी ती मशीनशिवाय उठून बसली आणि विचारलं, "भूकंप झाला का रे?" चौथ्या मजल्यावर सव्वा महिन्याचं बाळ आहे. त्याच्या आईचा चेहरा मी बुधवारी लिफ्टमध्ये पाहिला.

दंडाची काळजी? मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) वाचा. आवाज-धुराचे निकष मोडून गाडी चालवली, तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाद. जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, ते फोटो तू पाहिलेच असशील. हो, आता तूच म्हणतोय. तुम्ही-आम्ही पुरे झालं.

तुला आवाज आवडतो ना? मग काचा बंद का करून बसतोस? आत गाणी, बाहेर आम्ही. तुझ्या स्वतःच्या आईची खोली मागच्या बाजूला आहे, पार्किंगच्या बाजूला नाही, हेही मला माहीत आहे. लाज वाटायला हवी होती, ती तुला वाटत नाही, म्हणून मला खाली यावं लागतं. आणि सेट व्हायचाय म्हणजे काय रे? लोणचं आहे का ते मुरायला?

जुना सायलेन्सर कुठे टाकलायस ते शोध. गॅरेजवाल्याकडेच पडला असेल. रविवारी जा आणि परत बसवून आण. मजुरी माझ्याकडून घे.