खळ्याच्या मधोमध भिंत

आज इकडे इंग्लंडमध्ये, एसेक्सला घर बघायला गेलो होतो, जुना लाकडी बार्न, म्हणजे शेतावरचं धान्याचं कोठार, आत आता पाच घरं काढलीयेत. डोकं अजून शांत होत नाहीये म्हणून लिहितेय.

दारातच एजंटनं निळे प्लॅस्टिकचे शू-कव्हर हातात दिले, नवीन कार्पेट आहे म्हणून. मला एकदम आजोबा आठवले. लहानपणी मी चपला घालून खळ्यात शिरले होते, आणि त्या शांत माणसानं आयुष्यात एकदाच मला दंडाला धरून बाहेर काढलं. सारवलेलं खळं, मध्ये ज्वारीची रास, तिथे चप्पल चालत नाही, बास.

अहो बार्न म्हणजे तरी दुसरं काय! मधल्या खणात खळंच असायचं. समोरासमोर दोन मोठी दारं, आत मळणी करायची, दारं सताड उघडी टाकायची की आरपार वाऱ्यावर भुसा उडून जायचा. आमचे आजोबा सूप घेऊन तिपाईवर वाऱ्याची वाट बघत उभे राहायचे, तेच काम इकडे छपराखाली. आणि नेमकी त्याच खणात मधोमध भिंत! एक दार तीन नंबरच्या घरात, समोरचं चार नंबरच्या. ओकचा खांब प्लास्टरबोर्डात अर्धा गाडलाय, सुतारानं जोडणीसाठी कोरलेल्या रोमन आकड्याच्या दोनच रेघा बाहेर दिसतात. मी त्यावर बोट फिरवतेय तर एजंट म्हणतो इथे टीव्ही छान बसेल. चीड आली हो, खरंच चीड आली.

मान्य, घरं केली नसती तर छप्पर कधीच खाली आलं असतं. पण एक घर कमी केलं असतं तर तो खण मोकळा राहिला असता, सगळ्यांचं अंगण म्हणून. हीथ्रोजवळचा हार्मंड्सवर्थचा बार्न बघा, १४२६ चा, १२ खणी, १९२ फूट लांब, आत शिरलं की नजर थेट दुसऱ्या टोकाला जाते. जुन्या वास्तू जपणाऱ्या इंग्लिश हेरिटेजनं २०११ मध्ये तो २० हजार पौंडांना घेतला. आज बघितलेल्या घराचं डिपॉझिटसुद्धा तेवढ्यात होत नाही. सगळ्यांचंच म्युझियम करता येत नाही, कळतं मला.

आमचं खळं तरी कुठे राहिलंय. थ्रेशर आला, आजोबा गेले, आता तिथे चुलतभावाचा ट्रॅक्टर उभा असतो आणि सगळे चपला घालूनच फिरतात, मीसुद्धा. पण मध्ये भिंत नाही. संध्याकाळी वारा येतो अजून.

निघताना त्या खांबापाशी मी कव्हर काढले, बूट काढले, मोजेपण. नवरा बघतच राहिला. कार्पेटच होतं खाली, तरी काढले.